वाक्यातला पाहुणा

१

गादीच्या धंद्यात माणूस ओळखायला वेगळं शिकावं लागत नाही. गिऱ्हाईक येतं, दोन-चार गाद्यांवर बसून बघतं, नाक मुरडतं, भाव पाडतं. ते तोंडानं काय बोललं हे मी मनावर घेत नाही. ते बसल्यावर गादी किती दबली आणि उठल्यावर कशी वर आली, एवढं बघतो. वजन कळतं, कंबरेचं दुखणं कळतं, घरात भांडून आलंय का तेही कळतं. माणूस खोटं बोलतो, गादी बोलत नाही.

शाळा माझी बेताचीच. इंग्रजी मी फोमच्या गठ्ठ्यांवरून शिकलो. माल येतो त्यात सूचनांचा कागद असतो: कोरड्या जागी ठेवा, विस्तवापासून लांब ठेवा, उलटं धरू नका. त्यामुळे माझं इंग्रजी सगळं हुकमी. एखाद्या साहेबाला 'कसे आहात' विचारायचं म्हटलं तर जीभ अडते, पण 'उलटं धरू नका' हे मी कुणालाही झोकात सांगू शकतो.

लेकीचं घोडं मात्र इंग्रजीतच अडलं होतं. स्पर्धा परीक्षेचे बाकीचे पेपर ती हातचा मळ असल्यासारखे सोडवायची आणि इंग्रजीच्या पेपरात थोडक्यात राहायची. हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. क्लासच्या सरांनी सांगितलं, शब्द घोकू नका, घोकलेला शब्द ऐन वेळी दगा देतो. शब्द घरात आणा. प्रत्येक शब्दाचं वाक्य करा, आपल्याच घरातलं, आपल्याच माणसांचं. मग तो जन्मात विसरत नाही.

म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी चहाला बसलो की लेक पुस्तकातला शब्द वाचायची आणि अर्थ सांगायची. तिची आई मराठीत वाक्य सुचवायची, लेक त्याचं इंग्रजी करायची, आणि मी ते मोठ्यानं म्हणायचो. माझ्या तोंडी प्रत्येक वाक्य गठ्ठ्यावरच्या सूचनेसारखं वाजायचं, त्यावर दोघी हसायच्या. बरं चाललं होतं.

मग एका सकाळी शब्द आला 'पेरिश'. म्हणजे नाश पावणं, मरून जाणं. लेक म्हणाली, घरातलं कोण घेऊ? हिनं कप खाली ठेवला.

"असले शब्द घरच्या माणसांना लावायचे नाहीत. वास्तू तथास्तु म्हणत असते."

आता दुकानातला माझा एक जुना तोडगा आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, शिवण उसवली, कापूस गोळा झाला, की मी कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, हे त्या आधीच्या माणसाचं काम, काढून टाकला त्याला. गिऱ्हाईक लगेच निवतं. वर मलाच म्हणतं, जाऊ द्या हो, कुणाच्या पोटावर पाय कशाला. असा कुणी आधीचा माणूस दुकानात कधी नव्हताच. पहिल्यापासून शिलाईला एकटा दाभण आहे. उंच, काटकुळा, म्हणून दाभण. पण त्या नसलेल्या माणसाला मी इतक्या वेळा कामावरून काढलंय की तो असता तर त्यानं एव्हाना माझ्या दारात उपोषण धरलं असतं.

तोच तोडगा मी घरात आणला. म्हटलं, एक पाहुणा धरू. वाईट शब्द आला की पाहुण्याच्या नावावर.

"कुठला पाहुणा?" लेकीनं विचारलं.

"कुठलाच नाही. म्हणून तर सोयीचा."

"आणि राहतो कुठे तुमचा पाहुणा?"

"वर. गोदामात. तिथे कोण असतंय."

पाहुणा वरच्या खोलीत मेला. हे त्याचं आमच्याकडचं पहिलं वाक्य.

२

परीक्षेचे शब्द निवडणारी माणसं दाढ दुखत असताना कामाला बसतात की काय, कोण जाणे. चांगला शब्द क्वचित यायचा. बाकी सगळे उपाशी, आजारी, फसलेले, कोंडलेले, वाऱ्यावर सोडलेले. चांगला शब्द आला की आम्ही घरात वाटून घ्यायचो. 'फ्लरिश', म्हणजे भरभराट होणं, तो दुकानाला. 'चेरिश', म्हणजे जिवापाड जपणं, तो आईला. 'ट्रायम्फ', म्हणजे विजय, तो अर्थातच लेकीला. उरलेलं ताट पाहुण्याला.

पहिल्या वाक्यात मेलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी पुन्हा आजारी पडायला लागायचाच. त्याला पर्याय नव्हता. तो खंगला, त्याच्यावर संशय घेतला गेला, त्याची चूक नसताना त्याला बोल लागला. 'निग्लेक्ट' आला तेव्हा आम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. 'कन्फाइन' आला तेव्हा त्याला खोलीत कोंडलं. लेकीला गोडी लागली. अडखळणारी पोर धडाधड वाक्यं करू लागली, आणि क्लासमध्ये सरांनी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं म्हणून सांगत आली. कुठलं वाक्य, तर पाहुण्याला कोंडलेलं.

त्या सुमारास ती कर्तरीचं कर्मणी करत होती. आम्ही पाहुण्याला कोंडलं, याचं पाहुणा कोंडला गेला. म्हणाली, बाबा, ह्यात 'आमच्याकडून' हा शब्द गाळला तरी चालतो, मार्क जात नाहीत. मी म्हटलं, हे तर आमच्या गिऱ्हाइकांना जन्मतः येतं. गादी फाटली. फोम जळला. चहा सांडला. आजवर एकानंही येऊन सांगितलं नाही की मी फाडली, मी जाळला. हसलो आम्ही त्यावर. मीच जरा जास्त हसलो.

गोदामाचं सांगतो. पुढे दुकान, मागे घर, आणि वर पूर्ण लांबीची एक खोली. जिना घरातून. वर गाद्या उभ्या लावलेल्या, उशांचे ढीग, फोमचे तक्ते. तिथे आवाज मरतो. टाळी वाजवली तर हाताला लागते, कानाला लागत नाही. लेक लहानपणी तिथे लपायची आणि आम्ही हाका मारून दमायचो. ती हाका मारते आहे तेही आम्हाला ऐकू यायचं नाही.

३

तिथे एक गादी आडवी, वेगळी ठेवलेली होती. भारी फोमची, कंपनीनं नमुना म्हणून पाठवलेली, प्लास्टिकसकट. आमच्या रस्त्यावर तिला गिऱ्हाईक नव्हतं. तिचा गुण असा, की माणूस पडला की ती त्याच्या अंगाचा आकार घेते आणि माणूस उठला की श्वास घेतल्यासारखी सावकाश वर येते. चहाचा एक घोट गिळेपर्यंत पुन्हा सपाट.

एका दुपारी उशा आणायला वर गेलो तर त्या गादीवर खड्डा.

खड्डा वाचायची मला खोडच आहे. बेताच्या उंचीचा पुरुष. कुशीवर, भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. डोक्याच्या जागी लहानसा खोलगट भाग, म्हणजे उशी घेतलेली नाही. उशांच्या ढिगाशेजारी झोपून जो उशी घेत नाही, तो दुसऱ्याच्या घरी संकोचानं राहिलेला माणूस.

दाभण दुपारचा लवंडला असेल म्हणून खाली जाऊन त्याला विचारलं. तो सुईतून मान वर न करता म्हणाला, मालक, जन्मभर गाद्या शिवल्या, आता गादीवर पडलो की टाके मोजत बसतो, झोप कुठली यायला. मी फरशीवर पडतो. ते खरं होतं, मला माहीत होतं. मग मांजर असेल म्हटलं. पण मांजराला असे गुडघे कुठून यायचे.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला लहान मुलाची गादी हवी होती, पण रंग पसंत पडेना. शेवटी बायकोला विचारून येतो म्हणाला आणि गेला. मी उशांसाठी पुन्हा वर निघालो. जिन्याच्या मध्यावर पाय थांबले, कारण तेव्हा कुठे माझ्या धंद्याची अक्कल जागी झाली. त्या गादीवर खड्डा राहतच नाही.

वर जाऊन पाहिलं. खड्डा तसाच होता, काठ न ढळलेला. म्हणजे जो झोपला होता तो उठून गेलेला नव्हता.

मी उशा न घेताच खाली आलो. पाय न वाजवता, दुपारी कुणाचा डोळा लागला असला की आपण उतरतो तसा.

४

शहाण्या माणसानं आधी माल तपासावा. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, थंडीत हा फोम जरा ताठरतो. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. थंडी होतीच. फोम ताठरला, आकार अडकला, संपलं. घरात कुणाला काही बोललो नाही.

मग 'स्टार्व्ह' आला, म्हणजे उपाशी राहणं. वाक्य हिनं दिलं: पाहुण्याला कुणी जेवायला विचारलं नाही. दारात आलेल्या माणसाला खाऊ घातल्याशिवाय न सोडणारी ही बाई, तिच्या तोंडी हे वाक्य ऐकून लेक खुदकन हसली. हीपण हसली. मी ते नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं.

त्यानंतर खड्डा उथळ व्हायला लागला. आकार तोच, भिंतीकडे तोंड तेच, गुडघे आणखी वर. फक्त वजन उतरत होतं. हे मी ओळखतो. दुखणाईत माणसाच्या गाद्या दुरुस्तीला येतात तेव्हा घरचे सांगतात, आता बरंच बरं आहे. मी गादीवरून हात फिरवतो आणि मान डोलावतो.

एका दुपारी दुकानात एक निवृत्त शिक्षिका उशी दाबून बघत होत्या. मध्येच थांबल्या आणि छताकडे बघायला लागल्या. जिथून हाकही खाली येत नाही, त्या गोदामातून प्लास्टिक चुरचुरत होतं. थोडं, मग थांबून पुन्हा थोडं.

"वर कुणी आजारी आहे का हो? सारखी कूस बदलतंय."

"तो आधीचा माणूस," मी म्हणालो. जिभेला सवय. मग सावरून म्हटलं, "पाहुणा आहे."

"मग खाली घ्या त्याला. माणूस माणसांत असला की बरं वाटतं."

उशी घेऊन त्या गेल्या. मी दाभणाकडे पाहिलं. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

त्याच दिवशी घरात गेलो तर ही जिन्यावरून उतरत होती. हातात झाकलेलं ताट. आम्ही दोघं जिन्याच्या तळाशी चोरासारखे उभे.

"हात लावत नाही," ती म्हणाली. "कसा लावेल? वाक्यात दिलंच नाही आपण त्याला."

५

दुसऱ्या दिवशी चहाला मी म्हणालो, पाहुणा पुरे झाला, आता दुसरं काहीतरी काढू. वाईट शब्द आला तर रस्त्यावरच्या माणसाचं वाक्य करू, पेपरातल्या बातमीचं करू. लेकीला कारण कळेना. तिला मी म्हटलं, कंटाळा आला. तिनं खांदे उडवले आणि तसं करून पाहिलं.

क्लासच्या सराव परीक्षेत ती सपशेल आपटली. पुन्हा जुन्या जागी, किंबहुना त्याच्याही मागे. घरी येऊन पुस्तक मांडीवर घेऊन बसली, रडली नाही, तेच वाईट. ती रडणारी पोर आहे.

"बाबा, शब्द वाचला की मला तो दिसायचा. 'निग्लेक्ट' म्हटलं की वरचं गोदाम, तो, ती भिंत. उत्तर आपोआप यायचं. तो काढलात तर माझ्याकडे काही उरत नाही."

"दिसायचा म्हणजे कसा?"

"म्हणजे कल्पनेत हो," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं. "पाठमोराच दिसतो."

ही ओट्याशी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. एका पारड्यात माझी पोर होती, हाडामांसाची, शेवटच्या संधीची. दुसऱ्या पारड्यात फोमवरचा एक खड्डा. कुणीही काय केलं असतं, असं मी स्वतःला बजावलं. गिऱ्हाइकाशी बोलताना वापरतो तो सगळा गोडवा स्वतःवर वापरला.

"घे पाहुण्याला," मी म्हणालो.

ही चहा गाळत राहिली. हे वाक्य मात्र मला आधीच्या माणसावर ढकलता येत नाही. ते म्हणणारा मीच होतो.

परीक्षा तोंडावर आली आणि लेकीला ताप भरला. त्या सकाळी नेमका शब्द आला 'रिकव्हर'. बरं होणं, दुखण्यातून उठणं. बऱ्याच दिवसांनी आलेला चांगला शब्द. लेक शालीत गुरफटून अर्थ वाचत होती, आणि हिची नजर हळूच जिन्याकडे गेली. मी ती पाहिली. आता ही पाहुण्याचं नाव घेईल, हे कळून मी घाईनं म्हणालो, "लेकीला. लेक तापातून बरी झाली."

दुपारपर्यंत तिचा ताप उतरला. औषध चालू होतं, त्यानंच उतरला असेल.

मी वर गेलो. खड्डा आता इतका उथळ होता की खिडकीतून तिरपं ऊन आल्याशिवाय दिसायचा नाही. गालाखाली हात घेतलेला, तिथे जरा खोल. पण एक बदल होता. त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं. कूस बदलून तो जिन्याकडे वळला होता, आमचे आवाज जिथून वर येतात तिकडे.

६

परीक्षेच्या सकाळी सगळी धांदल. ही डबा भरत होती, मी लेकीचं ओळखपत्र शोधत होतो, जे तिच्याच हातात होतं. लेकीनं बूट घालता घालता पुस्तक उघडलं. म्हणाली, शेवटचा एक करू, शकुनाचा. शब्द निघाला 'अवेट'. वाट बघणं. चांगलाही नाही, वाईटही नाही. कुणाला द्यायचा हे ठरवायला वेळ नव्हता. तिनं उभ्या उभ्याच वाक्य केलं, पाहुणा आमची वाट बघतो आहे, पुस्तक मिटलं आणि गेली.

ती पास झाली. इंग्रजीत सगळ्यांत जास्त गुण. दुकानात पेढ्यांऐवजी मी येणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी उशी दिली. लोक खूश झाले, दाभणानं मात्र तोंड वाकडं केलं, उशा त्याला शिवायच्या होत्या. नेमणूक दुसऱ्या गावी मिळाली. चहाला आता शब्द नव्हते. कप ठेवल्याचे आवाज तेवढे.

वाक्यं थांबली म्हणजे सुटला बिचारा, असं वाटलं होतं. वर जाऊन पाहिलं. झोपलेला खड्डा नव्हता. गादीच्या कडेला, जिन्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाचा खड्डा होता. दोन्ही बाजूंना तळहातांचे दोन दाब. उठायच्या बेतात असलेला माणूस हात टेकून बसतो, तसे. प्लास्टिकचा आवाजही बंद झाला होता. वाट बघणारा माणूस आवाज करत नाही.

त्यानंतर जेव्हा जेव्हा बघावं तेव्हा तो तसाच. लेकीचं शेवटचं वाक्य तसंच उभं होतं आणि आमच्यापैकी कुणी पुढचं म्हटलं नव्हतं. मी जिन्यात उभा राहून प्रयत्न केला. तोंडात येत होतं काय, तर कोरड्या जागी ठेवा, उलटं धरू नका.

मग मला जे येतं ते मी केलं. खरेदीसाठी बाहेरगावी जायचं होतं. जाताना दाभणाला म्हटलं, ती वरची भारी गादी काढून टाक. कुणालाही दे. आणि कुणाला दिलीस ते मला सांगू नकोस.

परत आलो तेव्हा लेक सामानासकट नोकरीच्या गावी गेलेली होती आणि वरची जागा मोकळी होती. त्या दुपारी मी जेवून गाढ झोपलो. दुसऱ्या कुणाच्या घरी आता काय चाललं असेल, हा विचार मनाच्या दारात आला, पण मी त्याला आत घेतलं नाही.

७

लेकीचा फोन आला. खोली छान आहे, शेजारच्या बाई प्रेमळ आहेत, ऑफिसात अजून कुणी काम देत नाही. ही ऐकत होती, मी फोन धरला होता.

"आणि बाबा, गादी म्हणजे राजेशाही आहे. फक्त दाराकडच्या कडेला एका जागी बसलीये. मी भिंतीकडे तोंड करून झोपते, त्यामुळे काही वाटत नाही. अर्धी जागा मोकळीच राहते."

मी विचारलं, उशी नीट आहे ना. ती म्हणाली, उशी मी घेतच नाही हल्ली, गुडघे वर घेतले की अशीच झोप लागते.

फोन ठेवून मी दुकानात गेलो. दाभण मला बघून उभाच राहिला, माझा चेहरा तसा असणार. म्हणाला, तुम्हीच म्हणालात कुणालाही दे. दुकानातली सगळ्यांत भारी गादी मी परक्याला देऊ आणि आपली पोर भाड्याच्या गादीवर झोपेल? घरात कुणाला न सांगता टेम्पोत मीच चढवली. एका कडेला जड लागत होती.

'कुणालाही' म्हणताना मी माझ्या घरच्या माणसांना त्यातून वगळलं होतं, ते मनातल्या मनात. पाहुणा धरला तेव्हाही तसंच.

घरात आलो. हिनं आधीच पिशवी भरायला घेतली होती.

"जाऊन घेऊन या," ती म्हणाली.

"गादी?"

"गादी कशाला?"

८

बसमध्ये सगळी वाट मी एक इंग्रजी वाक्य घोकत गेलो. घोकलेलं ऐन वेळी दगा देतं, हे सरांचं म्हणणं खरं ठरलं. लेक ऑफिसात होती. शेजारच्या बाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, आलात ते बरं केलंत, पोरगी आठवडाभरात उतरलीय हो.

लहानशी स्वच्छ खोली. टेबल, खुर्ची, खिडकीत ऊन. पलंगावर गादी, वर चादर अगदी ताणून घातलेली, आईची शिस्त. दाराकडच्या कडेला मात्र चादर खाली खेचली गेली होती आणि सगळ्या सुरकुत्या त्या एका जागेकडे धावत होत्या. बाजूला तळहातांचे दोन दाब.

मी दारात चपला काढल्या. घोकलेलं वाक्य आठवेना. मग ही पाहुण्यांशी बोलते तसं बोललो.

"फार वाट बघायला लावली आम्ही तुम्हाला. आम्हीच. चला, घरी चला. जेवायचं थांबलंय."

खिडकीतलं ऊन हललं नाही. आधी सुरकुत्या सैल झाल्या. मग कडेची ती जागा, अगदी सावकाश, श्वास घेतल्यासारखी वर आली. तळहातांचे दाब शेवटी भरले. गादी सपाट झाली.

मी दारातून बाजूला सरलो, आधी त्यांनी जावं म्हणून. मागे बघितलं नाही. परतीच्या बसला गर्दी होती, लोक दांड्याला धरून उभे होते, पण माझ्या शेजारची जागा कुणी मागितली नाही. त्या सीटची गादी दबलेली होती.

लेकीचा फोन येतो. तब्येत सुधारली, गादीची कड आपोआप बरी झाली, उशी पुन्हा घ्यायला लागले. ऐकून बरं वाटतं. खरंच वाटतं. चहाला आता आम्ही पुन्हा वाक्यं करतो, ही आणि मी, लेकीच्या जुन्या पुस्तकातून. पण चांगल्या शब्दांचीच. आणि चांगले शब्द मुळातच थोडे, ते सगळे त्यांना. पाहुणा बरा झाला. पाहुण्याला भूक लागली. पाहुणा माणसांत आला. त्यांचं देणं लागतो आपण, असं ही म्हणते, आणि मी मोठ्यानं वाक्य म्हणतो. हल्ली दमून जातो जरा.

घरात आमची जुनी कापसाची गादी. तिला फोमचे चोचले नाहीत, माणूस उठला तरी कापूस ठसा धरून ठेवतो. काल ऊन चांगलं होतं म्हणून दाभणाला हाक मारली, ती अंगणात टाकायला. चादर काढली. एका बाजूला हिचा खड्डा, माझ्या ओळखीचा. मध्ये एक मोठा, खोल, उताणा, पाय लांब सोडून, स्वतःच्या घरी झोपलेल्या माणसाचा. दाभणानं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, मालक, तब्येत सुधारली तुमची. मग त्याचा हात भिंतीकडच्या, माझ्या कडेला गेला आणि तिथेच थांबला. तिथे अगदी उथळ, उन्हात तिरपं बघावं तेव्हा दिसेल असा, एक ठसा होता. कुशीवर. गुडघे पोटाशी. उशी नाही.

"हा कुणाचा?" त्यानं विचारलं. "पाहुणा आला होता का?"

मला हसू आलं. जिभेनं सवयीनं उत्तर दिलं.

"तो आधीचा माणूस."